राष्ट्रबांधणी कोकणात कुठे शोधायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही रत्नागिरीचे, स्पर्धा परीक्षेची तयारी करताय. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशापुढची आव्हानं म्हणून एकता, लोकशाही आणि विकास हे तीन मुद्दे तुमचे पाठ झालेत. पण उदाहरणं सगळी पंजाब, काश्मीर, हैदराबाद आणि जुनागढची. तुम्ही लिहिता, "कोकणात ना निर्वासितांचे लोंढे आले, ना रझाकार. मग आपल्याकडे राष्ट्रबांधणी झाली तरी कुठे? आणि या तिन्हींपैकी आधी काय करायला हवं होतं?"

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गेली. इतिहास हा माझा विषय नव्हे, पण जुने फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी), कुळांच्या केसेस आणि गावागावातले वहिवाटीचे वाद हेच माझं रोजचं काम होतं. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूनं येईल. दिल्लीच्या बाजूनं लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न 'घटना कुठे घडल्या' हा नाही. सत्ता बदलली हे दिल्लीला कळतं, मुंबईला कळतं. पण डोंगराच्या कुशीतल्या वाडीवरच्या माणसाला ते कधी कळतं आणि कशावरून कळतं, हा खरा प्रश्न आहे. माझ्या अनुभवात याचं उत्तर एकच. तो माणूस आणि सरकार यांच्यामधला मध्यस्थ हटतो आणि सरकारदप्तरी त्या माणसाचं स्वतःचं नाव लागतं, तेव्हा. कोकणात हे मध्यस्थ अनेक होते: कुठे गावचा सारा गोळा करणारा खोत, कुठे संस्थानिक, कुठे गावकीचे मानकरी, आणि खाली गोव्यात तर परकी सत्ताच. त्यांना बाजूला करणं हे कायद्याच्या एका कलमाचं काम होतं. पण ते बाजूला झाल्यावर, खाली कोण उभा आहे हे सरकारला माहीत नव्हतं, आणि ते शोधून काढण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. ते शोधणं म्हणजेच आपल्याकडची राष्ट्रबांधणी, असं मी मानतो.

आता १५ ऑगस्ट १९४७ चा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून दक्षिणेकडे निघालेल्या आगबोटीत बसलात, तर अलिबागला तुम्ही ब्रिटिशांकडून नुकत्याच मोकळ्या झालेल्या कुलाबा जिल्ह्यात. पुढे मुरूडला आलात की जंजिऱ्याच्या नवाबाच्या राज्यात. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला पुन्हा मुंबई प्रांतात. वेंगुर्ल्याहून घाटाच्या दिशेनं आत गेलात की सावंतवाडी संस्थान. आणि तेरेखोलची खाडी ओलांडलीत की पोर्तुगीज पोलीस. पेडण्याचा मुलूख तर एके काळी सावंतवाडीकर भोसल्यांचाच, अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पोर्तुगीजांकडे गेला. दोन्ही काठांची बोली जवळपास एक, दैवतं एक, सोयरिकी एकमेकांत. तरी त्या दिवशी एका काठावर झेंडावंदन झालं आणि दुसऱ्या काठावर त्यासाठी आणखी चौदा वर्षं थांबावं लागलं. एकाच किनाऱ्यावर स्वातंत्र्याच्या तारखा अशा वेगवेगळ्या आहेत. त्यामुळे 'कोकणात काय झालं' असं सरसकट विचारलंत की उत्तर चुकणारच. आधी गाव विचारायचं, मग तालुका, आणि मग ते गाव १९४७ ला कुणाच्या अमलाखाली होतं ते.

फाळणीबद्दलही एक दुरुस्ती. लोंढे आले नाहीत हे बरोबर, पण धग लागलीच नाही असं नाही. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराची ही कोकणी माणसाला मुंबईसारखीच नोकरीधंद्याची जागा होती. तिथली मराठी कुटुंबं परतली. कोकणी मुसलमान घरांमध्ये एक भाऊ इकडे आणि एक तिकडे, अशा ताटातुटी झाल्या. त्याची नोंद दंगलींच्या इतिहासात सापडणार नाही. वारस नोंद करायला बसलं की एखादं नाव यायचं आणि घरातली माणसं सांगायची, "ते कराचीला गेले, मग काही कळलं नाही." अशा जमिनीचं पुढे काय करायचं, हा प्रश्न त्या कुटुंबाला आणि तलाठ्याला दोघांनाही सोडवावा लागे.

संस्थानांचा भाग तुमच्या पुस्तकात बरा दिलेला असतो, म्हणून तो लवकर आटोपतो. सामीलनाम्यानं संस्थानांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय दिल्लीला दिले. बाकीचा कारभार संस्थानचाच राहिला. जंजिऱ्यात १९४८ च्या सुरुवातीला नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांच्यासारखे कार्यकर्ते तरुणांना घेऊन उतरले. हैदराबादसारखी लष्करी कारवाई करावी लागली नाही. मार्च १९४८ मध्ये जंजिरा आणि सावंतवाडी दोन्ही मुंबई राज्यात विलीन झाली. जंजिऱ्याचा मुलूख कुलाबा जिल्ह्यात गेला, सावंतवाडीचा रत्नागिरीत. प्रश्नपत्रिकेपुरतं एवढं पुरे. पण सहीनंतर काय झालं, ते कामाचं आहे.

आंबोली, चौकुळ आणि गेळे ही सावंतवाडी तालुक्यातली घाटमाथ्यावरची तीन गावं. संस्थानच्या काळात तिथे जमीन एकेकाच्या नावावर नव्हती. गावच्या वतीनं गावकर संस्थानाला कबुलायत लिहून देत, सारा भरायची हमी घेत, आणि जमीन सगळं गाव वहिवाटत असे. संस्थान गेलं, कबुलायत घेणारा गेला, पण दप्तरी 'कबुलायतदार गावकर' ही नोंद तशीच राहिली. आमच्या नमुन्यांत खातेदार असतो, कूळ असतं, सरकार असतं. 'सगळं गाव' या नावाचा रकाना नसतो. शेवटी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या जमिनींवर 'महाराष्ट्र शासन' असं नाव लागलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे कसणाऱ्यांना कळलं की कागदावर आपण कुणीच नाही. घरासाठी कर्ज काढायचं तर सातबारा नाही, वाटणी करायची तर सातबारा नाही. आंदोलनं झाली, समित्या झाल्या, आणि वाटपाचे निर्णय अगदी अलीकडच्या काळात झाले. संस्थान विलीन व्हायला एक सही लागली. त्या संस्थानातली तीन गावं खऱ्या अर्थानं राज्यात यायला सत्तर वर्षं कमी पडली. एखाद्या परीक्षार्थीनं सरदार पटेलांच्या कामगिरीवर चार पानं लिहिली आणि ही तीन गावं विसरली, तर त्याला विलीनीकरण अर्धंच कळलं असं मी म्हणेन.

आता खोतीकडे येतो. कोकणापुरता हा सगळ्यात मोठा विषय, आणि मी पाहिलेलाही हाच सगळ्यात जवळून.

खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. कागदावर काम एवढंच. प्रत्यक्षात गावात सरकार म्हणजे तोच. धारेकरी (फक्त ठरलेला सारा भरणारे) आणि कायम कुळं यांना काही संरक्षण होतं. बाकीची कुळं अर्धेलीनं किंवा तिर्धेलीनं कसायची, म्हणजे पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताच्या वाड्यावर पोचवायची, वर सणावाराला वेठ. याविरुद्धचा लढा स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा आहे. अलिबागजवळच्या चरी गावाच्या परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं कुळांनी जमिनी कसल्याच नाहीत. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. ते विधेयक मंजूर झालं नाही. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यामुळे खोती त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळ कायदा आला, खोती निर्मूलनाचा कायदा १९५० मध्ये लागू झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ, काही अपवाद सोडले तर, कायद्यानं तिचं मालक मानलं गेलं. किंमत ठरवून ती हप्त्यांनी भरायची.

इथे अभ्यासक्रम थांबतो. आमचं काम तिथून सुरू व्हायचं.

कूळ मालक झालं, ठीक. पण कूळ कोण? सरकारनं इतकी वर्षं फक्त खोताला ओळखलं होतं. त्याच्या खालच्या माणसांची यादी खोताच्याच चोपड्यात, तीही बऱ्याचदा मोडीत. नवीन भरती झालेल्या तलाठ्याला मोडी वाचता येईना आणि जुने कारकून निवृत्त व्हायला लागलेले. कुळाकडे पावत्या असल्याच तर पत्र्याच्या पेटीत, 'खंडाचे भात पोचले' एवढा मजकूर आणि खाली सही. कोणत्या जमिनीचं भात, याचा पत्ता नाही. पुष्कळांकडे तेही नव्हतं, कारण ज्यानं पावती द्यायची त्याच्याविरुद्धच ती उपयोगी पडणार होती.

त्यात मुंबई. रत्नागिरी जिल्ह्यातले कर्ते पुरुष गिरणीत, गोदीत, घरी मनीऑर्डर पाठवणारे. किंमत ठरवायच्या चौकशीची नोटीस गावात लागायची. कूळ म्हणून नाव नवऱ्याचं, कसणारी बायको, आणि नवरा गिरणगावात. तारखेला कुणी हजर नाही, म्हणून 'कूळ गैरहजर' असा शेरा. काही ठिकाणी कूळ हजर होऊन सांगायचं, "जमीन घ्यायची नाही." का? कारण उद्या मुलीच्या लग्नाला उसनं कुणाकडे मागायचं, पावसाळ्यात घरात भात संपलं तर कुणाच्या दारात जायचं? कायदा त्याच्या बाजूनं होता, पण खोताच्या वाड्याला पर्याय म्हणून उभं राहणारं गावात अजून काही नव्हतं, ना सोसायटी, ना बँक.

अशाच एका जुन्या शेऱ्यावरून पुन्हा उघडलेल्या प्रकरणात मी स्थळपाहणीला गेलो होतो. म्हातारी बाई, नवरा केव्हाच वारलेला. वकिलांनी विचारलं, सर्व्हे नंबर कोणता, हिस्सा कोणता? तिला काहीच सांगता येईना. समोरचे वकील म्हणाले, हिला जमीनच माहीत नाही. मी तिला म्हटलं, चल आजी, दाखव. ती पुढे, आम्ही मागे. तिनं प्रत्येक कुणग्याचं, म्हणजे भातखाचराच्या तुकड्याचं, नाव सांगितलं. कुठल्या कुणग्यात पाणी आधी भरतं, कुठला बांध कुणाच्या बापानं घातला, पलीकडचा गडगा कुणाचा, पऱ्याचं पाणी कुठल्या साली फिरलं आणि त्यात किती जमीन गेली. नकाशा हातात धरून मी एकेक जागा जुळवत होतो आणि प्रत्येक हद्द बरोबर निघाली. सरकारकडे नंबर होते, तिच्याकडे नावं होती, आणि मधल्या इतक्या वर्षांत त्या दोन्ही गोष्टी एकत्र आणायला कुणी बांधावर गेलंच नव्हतं. पंचनामा लिहिताना मी तिनं सांगितलेली कुणग्यांची नावं नंबरांसमोर लिहिली. पुढे त्या प्रकरणात तिच्या बाजूनं निकाल लागला.

हे सांगताना दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे कबूल करायला हवं. एक, सगळे खोत सारखे नव्हते. एका खोतीत अनेक हिस्सेदार असत, वहिवाट पाळीपाळीनं येई, आणि काही पाळीचे खोत कुळांइतकेच ओढगस्तीचे होते. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते. त्यामुळे याला एका जातीची गोष्ट करू नका. दोन, नाव लागलं म्हणून पोट भरलं असं झालं नाही. डोंगरउताराची वरकस जमीन आणि दोनचार कुणगे, यावर घर चालत नाही. नाव लागल्यावरही मुलगा मुंबईलाच गेला. फरक पडला तो असा की गणपतीला घरी आला तेव्हा तो स्वतःच्या जमिनीत उभा होता, आणि वेठीला बोलवायला कुणी येणार नव्हतं. या फरकाला मी लहान मानत नाही.

कायदा झाला म्हणजे गोष्ट झाली असं नाही, याचा पुरावा कोकणात स्वातंत्र्याच्या आधीच मिळाला होता. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करायचं ठरलं. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी १९२७ पर्यंत अस्पृश्यांपैकी कुणी तिथे पाणी भरू शकलं नाही. ठराव नगरपालिकेच्या दप्तरात आणि तळं सवर्णांच्या ताब्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह चालत गेले तेव्हा तो ठराव तळ्यापर्यंत पोचला. त्यानंतरही मारहाण झाली, कोर्टबाजी झाली. पुढे संविधानात अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम आलं. नवा देश घडवताना कागद आणि पाणवठा यांच्यातलं हे अंतर कापावं लागतं. ते कापणारी माणसं मिळाली नाहीत तर कलम कितीही चांगलं असो, तळं तिथेच राहतं.

इथवरचं थोडक्यात: किनाऱ्यावरची गावं वेगवेगळ्या तारखांना देशात आली, येताना मधला माणूस गेला, पण खालच्या माणसाची नोंद मागे राहिली, आणि ती नोंद करणं हे वर्षानुवर्षांचं, बांधावर जाऊन करायचं काम ठरलं. आता लोकशाही.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. देशात सतरा कोटींहून जास्त मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह. मतदार याद्या करताना काही राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची आई किंवा तमक्याची बायको एवढंच सांगितलं, आणि अशी सुमारे २८ लाख नावं निवडणूक आयोगाला वगळावी लागली. कुळांच्या बाबतीत सांगितलं तेच पुन्हा इथे. सरकारला माणसाचं स्वतःचं नाव हवं असतं, आणि समाजानं ते द्यायची सवयच ठेवलेली नसते.

आता तारखा जुळवून पाहा. कुळाला मत १९५२ ला मिळालं आणि जमिनीची मालकी १९५७ नंतर, तीही सावकाश. म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही, अक्षरओळख नाही, त्याच्या हातात आधी मत आलं. त्या काळात अनेकांना हा उतावीळपणा वाटला होता. पहिल्या निवडणुकीत पुष्कळ गावांत खोत किंवा सावकार सांगेल तसं मत पडलं असेल, हेही मी नाकारत नाही. पण मत गुप्त होतं आणि पाच वर्षांनी पुन्हा येणार होतं. कूळ कायद्यात दुरुस्त्या झाल्या, मुदती वाढल्या, गैरहजर कुळांना पुन्हा संधी मिळाली, कारण कूळ हे मतदारही होतं आणि आमदाराला ते माहीत होतं. जमीन मिळेपर्यंत मत थांबवलं असतं, तर जमिनीसाठी दाद मागायची जागाच उरली नसती.

मतानं काय होतं हे कोकणानं लगेच १९५७ ला दाखवलं. प्रश्न भाषेचा होता. फाळणी ताजी, त्यामुळे भाषावार राज्यं केली तर देश पुन्हा फुटेल अशी भीती दिल्लीला वाटत होती, आणि ती भीती खोटी नव्हती. पण कोकणी माणसाला मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी करणं म्हणजे घराची चूल एका राज्यात आणि कमावता माणूस दुसऱ्या राज्यात असं दिसत होतं. चिंतामणराव देशमुख मूळचे याच पट्ट्यातले, कुलाब्यातून निवडून गेलेले, देशाचे अर्थमंत्री. त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं. मुंबईत शंभरावर माणसं मारली गेली. पुढच्या वर्षी संयुक्त महाराष्ट्र समितीनं निवडणूक लढवली, नाथ पै राजापूरमधून लोकसभेत गेले, आणि १ मे १९६० ला राज्य झालं. देश फुटला नाही. उलट ज्यांनी केंद्र सरकारविरुद्ध एवढा लढा दिला त्यांनी तो त्याच देशाच्या मतपेटीतून जिंकला. एकता आणि लोकशाही ही दोन वेगळी आव्हानं म्हणून लिहायची सवय आहे ना, हे उदाहरण ती मोडून काढतं.

गोव्याचं उदाहरण तर याहून मोलाचं. ऑगस्ट १९५५ मध्ये बांद्याच्या पुढे पत्रादेवीला सत्याग्रही सीमा ओलांडत असताना पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. सीमा बंद झाली. सातार्डा, आरोंदा, बांदा या बाजूच्या गावांची पलीकडची नाती, बाजारहाट, देवळाच्या जत्रा, सगळं तुटलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आता गोवा महाराष्ट्रात येणार असं आमच्या बाजूला जवळपास सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकारही विलीनीकरणाच्या बाजूचं. पण प्रश्न लोकांपुढे ठेवायचं ठरलं. १६ जानेवारी १९६७ ला कौल घेतला गेला. विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं अशी चिन्हं. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० मतं पडली, विरुद्ध १,७२,१९१. फरक ३४,०२१. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडेही पुष्कळांना हे लागलं. मी लहान असताना घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यात ती हळहळ ऐकली आहे. तरी निकाल मानला गेला. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं. 'विलीनीकरण नको, पण सरकार तुमचंच हवं' असा इतका बारीक भेद सहा वर्षांपूर्वीपर्यंत मुक्त मतदान न पाहिलेल्या लोकांनी केला. तुमच्या उत्तरात नवस्वतंत्र प्रदेशातल्या लोकशाहीचं एकच उदाहरण द्यायचं असेल, तर हे द्या.

विकासाबद्दल थोडंच. इथे कोकण मागे राहिलं हे सरळ लिहा. स्वातंत्र्याच्या आदल्या महिन्यात, १७ जुलै १९४७ ला, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आपल्याकडचा प्रवास तेव्हा असा होता. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत ती मागणी किती लावून धरली होती हे जुन्या माणसांना विचारा. कोयनेचं वीजघर चिपळूण तालुक्यात पोफळीला, पण वीज मुख्यतः मुंबईच्या आणि घाटावरच्या उद्योगांकडे गेली. देशाच्या दृष्टीनं ते बरोबर असेलही, नव्या देशाला कारखाने हवे होते. पण कोकणाच्या वाट्याला पुन्हा माणसं पाठवायचं कामच आलं. रस्ता आणि रेल्वे उशिरा आल्यामुळे गावात राहून कमवायची सोयही उशिरा आली, आणि ज्यांच्या नावावर जमिनी लागल्या त्यांतल्या कित्येक तोवर पडीक झाल्या होत्या.

म्हणून 'आधी काय' या तुमच्या प्रश्नावर माझं मत असं. क्रम लावायला बसू नका. कोकणात मत आधी आलं, जमीन नंतर, भाषेचं राज्य त्यानंतर, गोवा आणखी नंतर आणि रेल्वे सगळ्यात शेवटी. यांतलं काही उशिरा झालं ते चुकलंच. पण मत आधी मिळालं हे बरोबर झालं, कारण बाकी राहिलेलं सगळं मागण्याचं साधन तेच होतं. एखादा नवा देश 'आधी एकजूट पक्की करू, निवडणुका मागाहून' म्हणतो तेव्हा मला ते बांधावर न गेलेल्या अधिकाऱ्यासारखं वाटतं. कुठे यादवी पेटली असेल, शेजारी चढाई करत असेल, तर वेगळा विचार करावा लागेल, हे मान्य. पण नुसतं 'लोक अजून तयार नाहीत' हे कारण मी स्वीकारणार नाही. ती आजी सर्व्हे नंबर न वाचता प्रत्येक हद्द सांगू शकत होती.

तुम्हाला स्वतःचं उदाहरण हवं असेल तर तहसील कार्यालयात जा. आपल्या गावाचे १९५० ते १९६५ या काळातले जुने फेरफार पाहायला रीतसर अर्ज करा. खोती खालसा झाल्याचे, कुळांची नावं दाखल झाल्याचे, किंमत ठरल्याचे असे फेरफार तुम्हाला त्यात मिळतील. प्रत्येक फेरफारात कुणाचं नाव कमी झालं आणि कुणाचं लागलं ते उतरवून घ्या. बायकांची नावं किती आहेत आणि ती वारस म्हणून लागली की कूळ म्हणून, हे वेगळं मोजा. 'गैरहजर' असे शेरे कुठे दिसले तर त्या वाडीतल्या जुन्या माणसांना विचारा, तेव्हा घरातलं कोण मुंबईला होतं. गाव पूर्वीच्या संस्थानातलं असेल तर नोंदींची पद्धत निराळी दिसेल, म्हणून गाव १९४८ पूर्वी कुणाकडे होतं ते आधी पक्कं करा. मोडी कागद निघाले तर घाबरू नका, मोडी वाचणारी माणसं अजून मिळतात आणि शिकवणारेही आहेत. काही अडलं तर गाव आणि फेरफार क्रमांक लिहून विचारा, माणसांची नावं इथे टाकू नका. मला जेवढं सांगता येईल तेवढं सांगेन.